उरलेले सामने खेळवूनच हंगाम संपवा, कागदावर नको

नागपाड्याचा_स्टॉपर | २० मे २०२०, रात्री ९.१०

परवा स्कॉटलंडने कोरोनामुळे थांबलेली फुटबॉल लीग आहे तिथेच गुंडाळली. सेल्टिक विजेते आणि तळाचे हार्ट्स खालच्या विभागात. आठ सामने बाकी होते आणि हार्ट्स लगेच वरच्या संघाच्या फक्त चार गुण मागे होते. फ्रान्सने दहा फेऱ्या बाकी असताना असंच केलं. नेदरलँड्सने तर विजेताच ठरवला नाही, कुणाला खाली पाठवलं नाही की वर घेतलं नाही. जर्मनीत मात्र शनिवारपासून रिकाम्या स्टेडियममध्ये सामने सुरू झालेत. इंग्लंडमध्ये कालपासून छोट्या गटांत सराव चालू झाला, पण पुढे काय यावर क्लबांमध्ये एकमत नाही.

माझं मत: उरलेले सामने खेळवूनच हंगाम संपवा. ऑगस्टमध्ये खेळवा, नोव्हेंबरमध्ये खेळवा, लागलंच तर पुढच्या फेब्रुवारीत. पण खेळवा.

हे मी इंग्लंडमध्ये पहिल्या असलेल्या लिव्हरपूलसाठी म्हणत नाही. २९ सामन्यांत ८२ गुण, दुसऱ्या क्रमांकाच्या मँचेस्टर सिटीपेक्षा २५ पुढे. १९९० नंतरचं पहिलं लीग विजेतेपद कुठल्याही हिशोबाने त्यांचंच आहे. अन्याय होणार तो तळाच्या संघांवर. वेस्ट हॅम, वॉटफर्ड आणि बोर्नमथ तिघांचेही २७ गुण. बोर्नमथ खाली जाणाऱ्या तिघांत आहे ते गोलफरकात वॉटफर्डपेक्षा एका गोलाने मागे आहे म्हणून. त्यांच्याखाली ॲस्टन व्हिला, २५ गुण, पण त्यांचा एक सामना कमी झालाय. शेफील्ड युनायटेडविरुद्धचा तो घरचा सामना जिंकले तर २८ गुण होतील आणि व्हिला थेट सोळाव्या स्थानी जाईल. आता फ्रान्ससारखी प्रत्येक सामन्यामागे गुणांची सरासरी काढा: व्हिला ०.८९, बोर्नमथ ०.९३. दोघेही खाली. एक सामना जिंकून जो संघ वाचू शकतो त्याला तो सामनाच खेळू द्यायचा नाही, आणि वर सांगायचं की गणिताने हे ठरवलं.

नेदरलँड्सचं याहून वाईट. अयाक्स आणि आल्कमार दोघांचे ५६ गुण. या हंगामात आल्कमारने अयाक्सला दोन्ही वेळा हरवलं, १ मार्चला तर त्यांच्याच मैदानावर २-०. तरी गोलफरकावर चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची, वरची जागा अयाक्सला. आणि कांबूर? दुसऱ्या विभागात पहिले, तिसऱ्या संघापेक्षा ११ गुणांनी पुढे, आणि बढती नाही. कोर्टात गेले, तिथेही गेल्या आठवड्यात हरले.

आपली आयपीएल पुढे ढकलली तेव्हा कुणाचे गुण बुडाले नाहीत, कारण एकही चेंडू पडला नव्हता. इथे तीन चतुर्थांश हंगाम खेळून झालाय. कापायचा तर पुढचा हंगाम कापा, तो अजून सुरूच झालेला नाही.

सायन_ते_एलंड_रोड | रात्री ९.३२

शंभर टक्के सहमत. लीड्स २००४ पासून वरच्या विभागाबाहेर आहे. आज चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या विभागात, ३७ सामन्यांत ७१ गुणांसह पहिलं आहे, नऊ सामने राहिलेत. हंगाम रद्द झाला तर सोळा वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला काय सांगायचं? आणि मला कागदावरची बढतीही नको. नऊ सामने खेळून वर जाऊ द्या.

रात्रपाळी | रात्री ११.४८

स्टॉपरदादा, मी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका आहे. फुटबॉल लहानपणापासून बघते, भावासोबत पहाटेपर्यंत जागून बघितलंय. तरी मला तुमचं पटत नाही.

या आजारात फुटबॉलने आधीच काय केलं ते आठवा. १९ फेब्रुवारीला अटलांटा-व्हॅलेन्सिया सामना मिलानमध्ये झाला. अटलांटाच्या गावातून, बर्गामोतून, चाळीस हजारांच्या आसपास माणसं बस, ट्रेन भरून गेली, गळ्यात गळे घालून परतली. पुढच्या महिन्यात बर्गामोत लष्कराच्या ट्रकमधून शवपेट्या न्याव्या लागल्या. त्या गावाच्या महापौरांनीच त्या सामन्याला जैविक बॉम्ब म्हटलं. ११ मार्चला लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावर माद्रिदच्या ॲटलेटिकोचे तीन हजार चाहते आले, तेव्हा स्पेनमधले सामने आधीच प्रेक्षकांविना सुरू होते. त्या रात्री सामना थांबवायचं धाडस कुणी केलं नाही, कारण सामना ‘पूर्ण करायचा’ होता.

आता म्हणतात प्रेक्षक नसतील. पण खेळाडू माणूसच ना? इंग्लंडमध्ये पहिल्याच फेरीत ७४८ चाचण्या झाल्या, तीन क्लबांत मिळून सहा जण बाधित निघाले. वॉटफर्डचा कर्णधार ट्रॉय डीनी म्हणाला, मी सरावाला येणार नाही, घरी पाच महिन्यांचं बाळ आहे आणि त्याला श्वासाचा त्रास आहे. तुम्ही ज्या २७ गुणांचा हिशोब मांडलात ते त्याच्याच संघाचे आहेत. तो नाही म्हणू शकला कारण तो कर्णधार आहे, त्याचं नाव आहे. राखीव गोलकीपर नाही म्हणेल? गवत कापणारा, जर्सी धुणारी, बसचा ड्रायव्हर? आमच्या वॉर्डात रोज अशीच माणसं येतात ज्यांना ‘येऊ नको’ असं कुणी म्हटलं नाही.

नागपाड्याचा_स्टॉपर | २१ मे, सकाळी ७.०५

ताई, आधी तुम्ही सगळे जे करताय त्याबद्दल मनापासून आभार.

पण मी ‘आत्ताच खेळा’ म्हटलेलं नाही. फेब्रुवारीपर्यंत थांबायची माझी तयारी आहे. घाई आहे ती टीव्हीच्या कराराची आणि ३० जूनला संपणाऱ्या खेळाडूंच्या करारांची. दोन्ही माणसांनी केलेले करार आहेत, माणसं ते बदलू शकतात. चाचण्यांचं म्हणाल तर जर्मन लीगने आधीच सांगितलं होतं की त्यांना देशाच्या चाचणीक्षमतेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी वाटा लागेल. जिथे तेवढं शक्य नाही तिथे थांबावं. थांबणं आणि पुसून टाकणं यात फरक आहे.

गुणतक्ता | सकाळी १०.२०

दोघांच्याही मुद्द्यात एक गोष्ट राहून जातेय. हंगाम ‘पूर्ण’ केला म्हणजे तोच हंगाम पूर्ण झाला का?

गेल्या आठवड्याअखेरची बुंडेसलिगाची, म्हणजे जर्मन लीगची, फेरी बघा. नऊ सामने झाले. घरच्या संघाने जिंकलेला फक्त एक, डॉर्टमुंडने शाल्केला ४-० हरवलं तो. पाच सामने पाहुण्यांनी जिंकले, तीन बरोबरीत. एका फेरीवरून निष्कर्ष काढू नये, मान्य. पण डॉर्टमुंडची ती पंचवीस हजार चाहत्यांची ‘पिवळी भिंत’ रिकामी असताना ‘घरचा सामना’ उरतोच किती? व्हिलाने घरचे सामने भरल्या स्टेडियममध्ये खेळलेत, आता शेफील्डविरुद्धचा तो सामना रिकाम्या खुर्च्यांपुढे खेळायचा. म्हणजे हंगामाचे तीन भाग एका नियमाने आणि शेवटचा भाग दुसऱ्याच. पाच बदली खेळाडूंची परवानगीही मध्येच आली. ज्याची राखीव फळी श्रीमंत त्याचा फायदा.

ड्रेस्डेनचं उदाहरण तर नक्की वाचा. जर्मनीच्या दुसऱ्या विभागातला तळाचा संघ. दोघे बाधित निघाले आणि स्थानिक आरोग्य विभागाने अख्खा संघ चौदा दिवस घरी बसवला. बाकीचे खेळायला लागले, हे दिवाणखान्यात व्यायाम करतायत. बाहेर आल्यावर राहिलेले सामने दाटीवाटीने खेळावे लागणार. कोलोनमध्ये तिघे बाधित निघाले, तिथे फक्त त्या तिघांनाच वेगळं केलं, संघ सराव करत राहिला. एकच देश, एकच आजार, दोन न्याय. ड्रेस्डेन खाली गेला तर त्याला मैदानावरचा निकाल म्हणायचं?

माझ्या मते सरासरी काढून थांबणं जास्त प्रामाणिक आहे. त्यातला अन्याय निदान उघड दिसतो, मोजता येतो.

सायन_ते_एलंड_रोड | सकाळी १०.४१

मोजता येतो म्हणून तो अन्याय कमी होत नाही. हार्ट्सला विचारा.

जुना_प्रेक्षक_गिरगाव | दुपारी १.१५

१९३९ साली इंग्लंडची लीग तीन फेऱ्यांनंतर युद्धामुळे बंद पडली आणि सगळे निकाल पुसले गेले. ब्लॅकपूल तेव्हा तिन्ही सामने जिंकून पहिले होते. पण १९१४-१५ चा हंगाम युद्ध चालू असताना पूर्ण केला होता, एव्हर्टन विजेते झाले. तेव्हाही लोकांनी खूप नावं ठेवली होती, तरुण खंदकात मरतायत आणि तुम्ही चेंडू खेळताय म्हणून. माझा कौल थांबण्याकडे. तीन फेऱ्या आणि तीस फेऱ्या यांना एकच माप लावू नये, एवढं मात्र स्टॉपर यांचं बरोबर.

आठ_नंबर | दुपारी ३.५०

मी मुंबईत महिला संघातून खेळते. हा धागा वाचताना सारखं वाटत होतं, आपण फक्त वरच्या वीस क्लबांबद्दलच का बोलतोय?

इंग्लंडमध्ये पुरुषांच्या सातव्या पातळीपासून खालच्या आणि महिलांच्या तिसऱ्या पातळीपासून खालच्या लीग मार्चमध्येच रद्द झाल्या. नुसत्या थांबल्या नाहीत, निकालच काढून टाकले. जर्सी बुल्स नावाचा क्लब आहे, पहिलाच हंगाम, २७ पैकी २७ सामने जिंकले होते. रेकॉर्डमध्ये आता काही नाही. त्यांच्यासाठी ‘खेळवूनच संपवा’ कुणी म्हटलं नाही, कारण त्यांचे सामने कुणी विकत घेतलेले नाहीत. स्टॉपरदादा, तुमचं तत्त्व मला आवडतं, पण ते सगळ्यांना लागू करा, नाहीतर ते तत्त्व नाही, टीव्हीचं वेळापत्रक आहे.

आणि आपल्याकडे बघा. आय-लीगमध्ये मोहन बागानने चार फेऱ्या राखून १० मार्चला विजेतेपद नक्की केलं होतं. भारतीय फुटबॉल महासंघाने एप्रिलमध्ये त्यांना विजेते जाहीर केलं, कुणाला खाली पाठवलं नाही, उरलेली बक्षिसाची रक्कम बाकीच्या क्लबांत सारखी वाटली. मला हा निर्णय चांगला वाटतो. जे मैदानावर ठरलं होतं तेवढंच मानलं, जे ठरलं नव्हतं त्याची शिक्षा कुणाला दिली नाही.

आमच्या संघातल्या निम्म्या मुली विरार, कल्याण, पनवेलकडून येतात. लोकल बंद आहे. उद्या कूपरेज मैदान उघडलं तरी त्या येणार कशा? ज्यांच्या घरी गाडी आहे त्या अकरा जणींचा संघ उतरवायचा का? म्हणून आपल्या लीगसाठी नियम हंगाम सुरू होण्याआधी लिहून ठेवायला हवा: किती सामने झाले की तक्ता ग्राह्य धरायचा, त्याआधी थांबलं तर काय, आणि खाली कुणाला पाठवायचं नाही हे नक्की.

नागपाड्याचा_स्टॉपर | संध्याकाळी ६.३०

जर्सी बुल्सचं वाचून वाईट वाटलं. हो, तत्त्व सगळ्यांना लागू करतो. त्यांचेही उरलेले सामने पुढच्या वर्षी व्हायला हवेत, टीव्ही असो वा नसो.

पण ‘कुणाला खाली पाठवायचं नाही’ हे मी मान्य करणार नाही. कुणी खाली गेलं नाही तर वर यायला जागा कुठून? कांबूर त्यातच अडकला. आणि गुणतक्ता, ड्रेस्डेनचा मुद्दा घाईविरुद्ध जातो, खेळण्याविरुद्ध नाही. त्यांच्यासाठी सगळ्यांनी चौदा दिवस थांबायला हवं होतं.

रात्रपाळी | रात्री ८.०२

ड्युटीवर निघतेय. आठ_नंबर, तुमचा नियम लिहाल तेव्हा त्यात माझी एक ओळ घाला: साथीच्या काळात खेळायला किंवा कामाला यायला नकार दिला म्हणून कुणाचा करार, पगार किंवा संघातली जागा जाणार नाही. ही ओळ असेल तर स्टॉपरदादांनी हवे तेवढे सामने खेळवावेत. नसेल तर नऊ राहिलेले असोत की एक, माझा विरोधच आहे.