आईच्या श्रद्धांजलीचा मजकूर, आज फायनल करायचाय (फॅमिली ग्रुप)

ताई: रात्री टाकलेला मजकूर आत्ता वाचला. "त्या गृहिणी होत्या, मनमिळाऊ व कष्टाळू होत्या." एवढंच?? ही ओळ कुठल्याही बाईला चालेल

दादा: मी लिहिलंय. दोन दिवस सगळ्यांकडे मागत होतो, एकानेही काही पाठवलं नाही. आता चुका काढायला बरे जागे झालात

मोठे काका: नमस्कार. मजकूर छान आहे. फक्त १२० शब्दांच्या वर जाऊ नये, फोटोखाली तेवढीच जागा आहे.

ताई: दादा तुझ्यावर राग नाही रे. पण आजी अंथरुणाला खिळून होती ती सात वर्षं यात कुठेत? दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, गजर लावून. नर्सने सांगितलं होतं टाचा, खुबे, माकडहाड रोज बघा, लाल जागा बोटाने दाबून सोडली आणि तरी लालच राहिली तर समजा जखम सुरू होतेय. आई रोज बॅटरी घेऊन बघायची. सात वर्षांत आजीला एक बेडसोर झाला नाही, एकही नाही

छोटी मावशी: हो गं. माझ्याशी बोलता बोलता "थांब, गजर झाला" म्हणायची आणि फोन तसाच बाजूला. मग सासूबाईंशी गप्पा मारत कूस बदलायची, मी इकडे ऐकत बसायचे

आतेभाऊ: सुट्टीत आलो होतो तेव्हा त्या गजराने रोज पहाटे चारला जाग 😂 मामी म्हणायची उठलाच आहेस तर उशी धर

वहिनी: 😂😂 मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात धरायला लावली होती

आतेभाऊ: म्हणजे तुम्ही परीक्षा पास

दादा: मजकुराचं बोला प्लीज

मोठे काका: १२० शब्द. पुन्हा आठवण करून देतो.

ताई: काका, आजी तुमचीही आई होती

दादा: ताई, आत्ता नको

मोठे काका: मला येता आले नाही त्याला कारणे होती. ती ग्रुपवर मांडायची माझी इच्छा नाही.

छोटी मावशी: जाऊ दे रे बाबांनो. भाषेचं लिहा काहीतरी. माझी ताई, म्हणजे तुमची आई, तिकडे गेली तेव्हा तिथली भाषा तिला अजिबात येत नव्हती, औषधाच्या बाटल्यांवरून शिकली. "जेवणानंतर", "दिवसातून दोनदा", "गिळायला त्रास" हे आधी आलं, "कशा आहात" वगैरे नंतर

दादा: मी दहा वर्षांचा असताना डॉक्टरांकडे दुभाषा मीच. एकदा आजीचं ऐकून इतका घाबरलो की आईला अर्धंच सांगितलं. तिला कळलं. पुढच्या वेळी तिने त्यांच्या भाषेत एक वाक्य पाठ करून नेलं, "हे माझ्या मुलाला सांगायला लावू नका, दुभाषी द्या". हे मी कोणालाच कधी सांगितलं नव्हतं

ताई: 🙏 हे घाल. हेच घाल

मोठे काका: शब्दमर्यादा लक्षात असू द्यावी.

वहिनी: शेवटी सगळं उलटं झालं ना. डिमेन्शियात, म्हणजे त्या विसरण्याच्या आजारात, आईंची नंतर शिकलेली भाषा आधी निसटत गेली, आई मराठीतच बोलायच्या आणि सांभाळायला येणाऱ्या मुलीला ती नुसती बडबड वाटायची. मग मी तिच्या लिपीत कार्ड करून दिलं, पाणी, दुखतंय, थंडी, कूस. त्यातलं "कूस" तिने सगळ्यात आधी उचललं, कारण आई रात्री उठून तेच विचारायच्या, "त्यांची कूस बदलली का?" ती मुलगी मान डोलावून "कूस, हो" म्हणायची, मग झोपायच्या

ताई: मला हे माहीतच नव्हतं

दादा: तू तेव्हा नव्हतीस

ताई: माहितीये मला मी नव्हते

आतेभाऊ: मग काय काय घ्यायचं? दुभाषी, गजर, कार्ड. १२० मध्ये बसेल?

मोठे काका: आई मला फोनवर म्हणायची, "पडून पडून अंग आंबतं म्हणतात, माझं नाही आंबत रे, सूनबाई आंबू देत नाही." मी दर वेळी विषय बदलायचो. १२० चे सोडून द्या. फोटो लहान करा.

ताई: काका, आजीचं हे वाक्य घालू?

मोठे काका: घाल. फक्त "सूनबाई" नको. तिथे तिचे नाव लिही.