चोवीस शब्द कुठे ठेवायचे? (हार्डवेअर वॉलेट घ्यावं की नको)

खटपट्या (धागालेखक)

गेल्या महिन्यात क्रिप्टो नाण्यांसाठी हार्डवेअर वॉलेट घेतलं. पेन ड्राइव्हएवढी वस्तू, बोटभर स्क्रीन, दोन बटणं. सगळं धरून नऊ हजारांच्या आसपास पडलं. बायको म्हणाली, एवढ्यात मिक्सर आला असता.

२०२१ मध्ये सगळे घेत होते म्हणून मीही थोडं बिटकॉइन आणि थोडं इथर घेतलं आणि विसरून गेलो. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्सचेंजवर (क्रिप्टो घ्यायची-विकायची आणि ठेवायची ऑनलाइन पेढी) दरोडा पडला. साधारण २३ कोटी डॉलर गेले, आणि लोकांना आपली नाणी काढता येईनात ती थेट ऑक्टोबर २०२५ पर्यंत. माझं खातं तिथे नव्हतं, तरी झोप उडाली. बँक बुडाली तर ठेव विम्याचे पाच लाखांपर्यंत तरी मिळतात. इथे कोणाच्या दारात जाऊन बसणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, नाणी त्या डबीत नसतात. ती ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेल्या खातेवहीत असतात. डबीत असते ती व्यवहारावर सही करायची किल्ली, आणि ती कधी बाहेर येत नाही. डबी हरवली तरी चालतं, कारण पहिल्यांदा सुरू केल्यावर ती २४ इंग्रजी शब्द दाखवते. ते शब्द हातात असले की त्याच पद्धतीच्या दुसऱ्या कुठल्याही डबीवर सगळं परत उभं राहतं. म्हणजेच ते शब्द ज्याच्या हातात, नाणी त्याची.

सेटअपला पाऊण तास लागला. वस्तू थेट कंपनीच्या साइटवरून मागवली, कंपनीच्या ॲपने ती अस्सल असल्याची खात्री केली, पिन टाकला, शब्द कागदावर लिहिले आणि दोन हजारांचं बिटकॉइन चाचणीसाठी पाठवलं. पोचलं. गाडी अडली ती त्यानंतर. हा कागद ठेवू कुठे? कपाटात ठेवला तर कामवाल्या मावशी रोज कपाट पुसतात. देवघरात ठेवला तर आई काहीतरी उचलून ठेवते आणि कुठे ते विसरते. बँकेच्या लॉकरला भावाची दुसरी सही आहे.

माझं मत असं: महिन्याच्या पगारापेक्षा जास्त रकमेची नाणी असतील तर ती एक्सचेंजवर ठेवणं निष्काळजीपणाचं आहे. बोला.

बे_एके_बे

असहमत, आणि चांगलाच असहमत.

दरोड्याच्या बातम्या मोठ्या होतात, पण स्वतःच्या हाताने घालवलेल्याची कोणी तक्रारसुद्धा नोंदवत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली, सुमारे आठ हजार बिटकॉइनसकट. बिचाऱ्याने कचरा डेपो उकरू द्या म्हणून नगरपालिकेशी कोर्टापर्यंत भांडण केलं. स्टीफन थॉमसची ७,००२ बिटकॉइन एका कुलूपबंद पेन ड्राइव्हमध्ये अडकली. पासवर्ड दहादा चुकला की सगळं पुसलं जाणार, आणि आठ प्रयत्न वाया गेलेत. ही तंत्रज्ञानातली माणसं. तुम्ही-आम्ही कोण?

माझ्या नाशिकच्या मित्राचा कागद दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत गेला. रद्दीवाल्याने किलोला चौदा रुपये दिले. एक्सचेंजवर पासवर्ड विसरलात तर केवायसी दाखवून परत मिळतो. ही सोय लहान नाही.

वाकडेवाट

+१ धागालेखकाला.

बे_एके_बे, केवायसीने पासवर्ड परत मिळतो, एक्सचेंजच उरलं नाही तर काय परत मिळतं? २०१४ मध्ये माउंट गॉक्स हे एक्सचेंज बुडालं, तेव्हा साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं सांगितलं गेलं. त्यातली दोन लाख नंतर सापडली, पण लोकांना बिटकॉइन परत मिळायला सुरुवात व्हायला २०२४ उजाडलं. एफटीएक्स हे दुसरं मोठं एक्सचेंज नोव्हेंबर २०२२ मध्ये आठवड्याभरात आडवं झालं. तिथल्या लोकांनी केवायसी केलेलंच होतं.

खटपट्या, एक प्रश्न. डबी पूर्ण पुसून, त्या कागदावरून परत उभी करून पाहिलीत का? नसेल तर तुमच्याकडे बॅकअप नाही, नुसता कागद आहे. दोन हजार आत असतानाच करा, दोन लाख गेल्यावर नाही.

दुबईकर_चिपळूण

दोन्ही बाजू डबीवर जरा जास्तच विश्वास ठेवताहेत. वझीरएक्सच्या व्यवहारांवर सह्या करणाऱ्या लोकांकडे हार्डवेअर वॉलेटच होती, हे त्यांनी स्वतः सांगितलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजचं जवळपास दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं, तिथेही तेच. संगणकाच्या स्क्रीनवर दिसत होता नेहमीचा व्यवहार, सही झाली भलत्याच गोष्टीवर. डबीच्या स्क्रीनवर पूर्ण तपशील दिसतच नव्हता आणि साहेबांनी बटण दाबलं.

आपल्या पातळीवर याचा अर्थ एवढाच की नाणी ज्या पत्त्यावर (अक्षरांची लांबलचक माळ) पाठवायची तो डबीच्या स्क्रीनवर वाचायचा, अख्खा. नुसती पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून चालत नाही. तेवढी जुळणारे खोटे पत्ते मुद्दाम तयार करून तुमच्या व्यवहारांच्या यादीत पेरतात, म्हणजे तुम्ही तिथून कॉपी कराल. आणि डबीला समजत नाही अशा कसल्याही परवानगीवर सही करायची नाही. फुकट टोकन मिळतंय म्हणून तर नाहीच नाही.

अवांतर: यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं) पाठवताना नेटवर्क, म्हणजे कुठली ब्लॉकचेन, ते बघा. ट्रॉनवरचं आणि इथरियमवरचं वेगळं. इथे एका सहकाऱ्याने भलत्या नेटवर्कवर पाठवून दोन रात्री जागून काढल्या.

गप्पिष्ट

सोनं घ्या. चोवीस शब्द लागत नाहीत, चोवीस कॅरेट पुरतं.

बे_एके_बे

@गप्पिष्ट 😀

@दुबईकर, म्हणजे माझाच मुद्दा. अब्जावधी सांभाळणाऱ्यांना जे जमलं नाही ते ऑफिसातून थकून आलेल्या माणसाला रात्री साडेदहाला जमेल? आणि आणखी एक. डबी मागवताना नाव-पत्ता द्यावा लागतो. डब्या बनवणाऱ्या लेजर कंपनीच्या साधारण पावणेतीन लाख ग्राहकांचे पत्ते, फोन नंबर २०२० मध्ये फुटले. त्यातल्या काहींच्या घरी पुढच्या वर्षी हुबेहूब दिसणाऱ्या नकली डब्या आल्या, सोबत ‘तुमचं यंत्र बदला’ असं पत्र. त्याच कंपनीचे एक संस्थापक डेव्हिड बॅलंड यांचं जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये घरातून अपहरण झालं, बोट कापलं. माझ्याकडे क्रिप्टो आहे हे फक्त एक्सचेंजला आणि आयकर खात्याला ठाऊक आहे. मला तेवढंच बरं.

खटपट्या

अपहरणाचं वाचून बायको म्हणाली, आपल्याकडे एवढं आहे का? नाही, असं सांगितल्यावर ती जरा निराश झाली.

@वाकडेवाट, पुसून पाहिलेलं नाही. भीती वाटते खरं सांगायचं तर. पण कागदाची एक काळजी मी घेतलीय. शब्द देवनागरीत लिहिलेत, म्हणजे चोराला कळणारच नाहीत. 😎

कृष्णाकाठ

अहो काय केलंत हे!

ती यादी ठरलेली असते, २०४८ शब्दांची. त्यात उजवा म्हणतात तो ‘राईट’ आहे आणि लिहिणे म्हणतात तो ‘राईट’ पण आहे. देवनागरीत दोन्ही एकच. नेसायचं ‘वेअर’ आणि कुठे विचारायचं ‘व्हेअर’, घाईत लिहिलं की तिथंही गोंधळ. यादीतल्या प्रत्येक शब्दाची पहिली चार रोमन अक्षरं वेगळी असतात, ती मुद्दाम गोंधळ होऊ नये म्हणून. तुम्ही देवनागरीत लिहून तेवढाच फायदा घालवला. आणि चोर मराठी नसेल हे कशावरून?

कागदाचं म्हणाल तर आम्ही सांगलीचे. ऑगस्ट २०१९ ला पाणी पहिल्या मजल्याला लागलं. सातबारा, मार्कशीटा, लग्नाचा अल्बम, सगळ्याचा लगदा. शाईनं लिहिलेलं एक अक्षर वाचता आलं नाही. भांडी तेवढी वर आली, घासली आणि परत वापरात. त्या दिवसापासून ठरवलं, जे टिकायला पाहिजे ते स्टीलवर.

बाहेरच्या कंपन्या यासाठी स्टीलच्या पट्ट्या विकतात. मी काय केलं, नाव टाकायची पेन आणली. भांड्यांच्या दुकानात डब्यावर ‘सौ. अमुक यांजकडून’ कोरून देतात ना, तीच. एका जाड पट्टीवर प्रत्येक शब्दाची चार-चार अक्षरं कोरली. दुकानदाराकडून नाही हां, स्वतः. पहिल्यांदा हात थरथरतो, त्यामुळे जुन्या वाटीवर सराव करा.

खटपट्या

हात थंड पडले. कागद काढून बघितला. माझा सतरावा शब्द ‘राईट’च आहे.

वाकडेवाट

खटपट्या!!! शब्द इथे जाहीर लिहिलात?

एका शब्दाने लगेच काही बिघडत नाही, बाकीचे तेवीस कोणी ओळखू शकणार नाही. पण मुद्दा सवयीचा आहे. आज इथे एक, उद्या टेलिग्रामवर ‘सपोर्ट’वाला गोड बोलून चोवीस मागेल. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, ड्राइव्ह नाही, टायपिंग नाही. शब्द मागणारा प्रत्येक माणूस चोर, मग तो कंपनीचा लोगो लावून येवो नाहीतर माझं नाव लावून. नवीन शब्द तयार करा. पण त्याआधी जुन्यावरून परत उभं करून बघाच, आता तर जास्तच गरज आहे.

सौ_हिशेबी

थोडं कंटाळवाणं बोलते, सीए आहे.

एक्सचेंजवरून स्वतःच्याच वॉलेटमध्ये पाठवणं ही विक्री नव्हे, आम्ही तरी तसंच धरतो. त्यामुळे २०२२ पासूनचा तो ३० टक्के कर किंवा १ टक्का टीडीएस त्या वेळी येत नाही. पण विकण्यासाठी चार वर्षांनी नाणी दुसऱ्या एक्सचेंजवर आणाल, तेव्हा तुम्ही ती कितीला घेतली होती हे त्या एक्सचेंजला माहीत नसतं. कागद तुमच्याकडेच हवा. खरेदीचं स्टेटमेंट आजच उतरवून ठेवा. वजावट फक्त खरेदी किमतीची मिळते, नेटवर्कच्या फीची नाही, डबीच्या नऊ हजारांची तर नाहीच. तोटा दुसऱ्या कशातही वळता होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही.

आता जे खरं बोलायचं होतं ते. माझ्याकडे एक बाई येतात. नवरा गेला. विवरणपत्रात दोन वर्षं क्रिप्टो दाखवलेलं आहे, म्हणून ते होतं एवढं नक्की. घरात अशी एक डबी सापडली. पिन कोणाला माहीत नाही. मुलाने अंदाजाने तीनदा टाकला, डबीने स्वतःला पुसून टाकलं. शब्दांचा कागद सापडलेला नाही. बाई दर दोन महिन्यांनी फोन करून विचारतात, काही मार्ग आहे का. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं म्हटलं. मृत्युपत्रात लिहिता येईल, वारसांना हक्कही मिळेल. पण कोर्टाच्या हुकमाने ती डबी उघडत नाही. एक्सचेंजवर असतं तर वारसदाखला घेऊन मी स्वतः त्यांच्या मागे लागले असते.

बे_एके_बे

@सौ_हिशेबी, मी हेच सांगत होतो, फक्त मला असं सांगता आलं नसतं.

दुबईकर_चिपळूण

हिशेबी ताई, पटलं. तरी हा दोष डबीचा नाही. त्या गृहस्थांनी घरात सांगितलं नाही. एलआयसीची पॉलिसी लपवून ठेवली असती तरी अडचणच झाली असती.

सौ_हिशेबी

पॉलिसी लपवली तरी एलआयसीकडे नाव असतं, दादा. शोधता येतं. इथे शोधायला कोणी नाही.

खटपट्या

काल रात्री केलं. वृत्तांत देतो.

आधी ते दोन हजार एक्सचेंजवर परत पाठवले. मग मुद्दाम तीनदा चुकीचा पिन टाकला. डबी पुसली गेली, स्क्रीनवर ‘स्वागत’. पोटात गोळा आला. भाऊ कागद वाचतोय, मी दोन बटणांनी एकेक अक्षर टाकतोय. एवढ्याला पंचवीस मिनिटं गेली. सतराव्याला उजवा राईट घातला. चोवीसावा शब्द टाकला आणि डबी म्हणाली, अवैध. परत पहिल्यापासून. या वेळी लिहिणारा राईट. चाललं. आधीचाच पत्ता समोर आला तेव्हा भाऊ आणि मी मॅच जिंकल्यासारखे ओरडलो, आई उठून आली.

@वाकडेवाट, चुकीचा शब्द डबीला कळला कसा?

वाकडेवाट

शेवटच्या शब्दात थोडा ताळा लपवलेला असतो. २४ शब्दांत एक चुकीचा असेल तर तो ताळ्यातून निसटण्याची शक्यता २५६ मध्ये एक. १२ शब्दांत मात्र १६ मध्ये एक. तुमच्याकडे संशयित एकच होता म्हणून वाचलात. चार-पाच असते तर सुट्टीचा दिवस गेला असता.

खटपट्या

नवीन शब्द तयार केले. त्यांतला एकही सांगणार नाही. 🙏

नाव टाकायची पेन साडेतीनशेला मिळाली. बायकोचं अक्षर चांगलं, म्हणून तिला बसवलं, सरावाला दोन वाट्या गेल्या. त्या निमित्ताने तिला हे सगळं काय आहे ते पहिल्यांदा नीट सांगितलं. तिने विचारलं, बारा-बारा शब्दांच्या दोन पट्ट्या करून एक माहेरी ठेवू का?

कृष्णाकाठ

नको. एक पट्टी हरवली की दुसरीचा उपयोग शून्य, म्हणजे हरवायच्या जागा दुप्पट केल्या. तुकडेच करायचे असतील तर काही डब्यांत, ट्रेझरच्या उदाहरणार्थ, तीन वाटे करून कुठलेही दोन पुरतात अशी सोय आहे. ती वापरा, मनाने कात्री चालवू नका. नाहीतर अख्ख्या पट्टीची दुसरी प्रत करून ती माहेरी. वहिनींचं माहेर नदीकाठी नाही ना?

खटपट्या

माहेर साताऱ्याला, उंचावर. पण सासऱ्यांना काय म्हणून सांगू? ते पट्टी बघून विचारणारच.

गप्पिष्ट

सांगा, सोन्याचा दाखला आहे.

बे_एके_बे

एवढं सगळं वाचून मी अजून एक्सचेंजवरच. पंचवीस मिनिटं दोन बटणं दाबत बसणं माझ्याने होणार नाही आणि घरात अक्षर कोणाचंच चांगलं नाही.

पण हिशेबी ताईंचं वाचल्यावर माझ्या एक्सचेंजवर नॉमिनी टाकायला गेलो. तो पर्यायच सापडेना. सपोर्टला लिहिलं, “मी गेलो तर बायकोने काय करायचं?” तीन दिवसांनी उत्तर आलं की तुमची समस्या सुटली असं समजून तिकीट बंद करत आहोत. परत उघडलंय. काही कळलं तर इथे टाकतो.