जेफरसन्स ओशन: बोटीने बर्बनच्या चवीत नेमके काय घातले?

धागालेखक:
अमेरिकेच्या केंटकी राज्यातील ‘जेफरसन्स ओशन’ या बर्बनची (मुख्यतः मक्यापासून केलेल्या अमेरिकी व्हिस्कीची) पिंपे मालवाहू जहाजावर चढवून महिनोन्‌महिने समुद्रात फिरवली जातात, वाटेत विषुववृत्त ओलांडले जाते आणि बाटलीवर सफरीचा क्रमांक छापला जातो. नुकतीच ती चाखली. आधी व्हॅनिला, मग जळक्या साखरेचा किंचित कडवटपणा आणि घोट उतरल्यावर जिभेच्या कडांवर मीठ भुरभुरलेल्या चिक्कीसारखी चव. तरीही माझे मत असे, की हा खारटपणा पेल्यात सापडण्याआधी आपण लेबलावर वाचलेला असतो. जहाजावर चढणारी बर्बन केंटकीच्या गोदामात आधीच कैक वर्षे मुरलेली असते. सारे श्रेय शेवटच्या काही महिन्यांना देणे हा त्या गोदामावर अन्याय आहे. शिवाय मिठाची वाफ होत नाही, त्यामुळे बंद पिंपाच्या ओकच्या फळ्या ओलांडून ते आत जाईल कसे?

प्रतिसाद १:
मिठाचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते आणि तीत रंग वा स्वाद मिसळण्यास अमेरिकी कायद्याने मनाई आहे. म्हणजे पेल्यातील गडद तांबूसपणा लाकडाचाच. गोदामात पिंप सहसा जागचे हलत नाही. बोटीवर ते अहोरात्र हिंदकळते, आतला द्रव जळक्या फळ्यांवर आपटत राहतो आणि उष्ण कटिबंधात प्रसरण पावून लाकडात खोलवर शिरतो. उष्णतेचा प्रताप पाहायला फार लांब जायला नको: स्कॉटलंडमध्ये पिंपातील व्हिस्की वर्षाला सुमारे २ टक्के उडून जाते, तर गोव्यात पॉल जॉन या तिथल्या व्हिस्कीच्या पिंपांतून साधारण ८ टक्के. जेफरसन्सचे संस्थापक ट्रे झोलर यांनी पहिली पिंपे शार्कसंशोधन करणाऱ्या ओशर्च जहाजावर ठेवली होती, आणि ती परतली तेव्हा आतली बर्बन काळपट झाली होती, असे ते स्वतः सांगतात. नॉर्वेची लिनिए अक्वाविट (तिकडचे मसाल्याच्या स्वादाचे कडक मद्य) तर आजही विषुववृत्त दोनदा ओलांडून येते. हे सगळे केवळ जाहिरातीसाठी?

प्रतिसाद २:
मला बर्बन आवडली, किंमत आवडली नाही. एवढेच.

धागालेखक:
प्रतिसाद १ यांनी दिलेली उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. गोव्याचा उकाडा पिंपावर वर्षानुवर्षे काम करतो. ओशर्चवरची ती पिंपेही काही वर्षे समुद्रावर होती. त्यांचा काळपटपणा दाखवून काही महिन्यांची सफर विकणे मला पटत नाही. लिनिए शेरी या स्पॅनिश वाइनच्या जुन्या पिंपांतून प्रवास करते, तेव्हा शेरीचे देणे कोणते आणि लाटांचे कोणते, हे वेगळे कसे करणार? एकाच दिवशी भरलेल्या पिंपांपैकी निम्मी गोदामात ठेवून, दोन्हींची बर्बन शेजारी शेजारी विकायला काढावी. तसा जोडसंच आला, तर आजच्या चढ्या भावातही मी तो विकत घेईन.

प्रतिसाद १:
जोडसंचाची मागणी रास्त आहे. मात्र चाखताना बाटल्या झाकलेल्या हव्यात आणि ओतणारा तुमच्या मताचा नसावा.