मदत हवी आहे: रिकॉल झालेला स्टीम क्लीनर, पावती नाही आणि सासूबाईंना तो नाशिकला न्यायचाय

नमस्कार मंडळी, आम्ही न्यू जर्सीत असतो. घरात बिसेलचा स्टीम शॉट आहे, हातात धरायचा छोटावाला, शेगडीमागच्या टाइल्सवर फोडणीचा चिकट थर बसतो ना त्यावर वाफ मारायला, नवऱ्याने मागे कधीतरी गराज सेलमधून आणलेला. परवा मैत्रीण म्हणाली अगं तो रिकॉल झालाय, म्हणजे धोका आहे म्हणून कंपनीने परत मागवलाय, आणि बघितलं तर खरंच, जुलै 2024 मधलाच रिकॉल आहे, सीपीएससी म्हणजे इथली वस्तूंची सुरक्षितता बघणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवर सगळं लिहिलंय. अमेरिकेत साधारण 32 लाख नग, कॅनडातले साडेतीन लाख वेगळे! तापताना किंवा वापरताना गरम पाणी नाहीतर वाफ अंगावर उडू शकते म्हणे, 183 तक्रारी आल्या आणि त्यातल्या 157 भाजल्याच्या. किरकोळ भाजणं असं लिहिलंय, पण इडलीपात्राचं झाकण उघडताना हात भाजलेल्या कुणालाही विचारा किरकोळ काय असतं ते. 2008 पासून मे 2024 पर्यंत विकत होते, म्हणजे इथे बऱ्याच जणांकडे असणार, खालचं स्टिकर बघून घ्या, 39एन7 आणि 2994 या दोन सीरीज आहेत, आमचा 39एन7 निघाला.

तर विचारायचं असं की 40 डॉलर परत किंवा 60 डॉलरचं क्रेडिट देतायत, पण आमच्याकडे ना डबा ना पावती, गराज सेलचा माल, तरी मिळतं का? कुणी घेतलंय का? आणि दुसरं म्हणजे सासूबाई आल्यात, त्या म्हणतात चांगलं चालतंय की, फेकता कशाला, मी नाशिकला नेते. काय सांगू त्यांना?

सदाशिव_पेठी: फेकू नका लगेच. मॉडेल आणि सिरीयल नंबरचा नीट फोटो काढा, कंपनीच्या रिकॉल पेजवर जा, पुढे काय करायचं ते तेच सांगतील. आणि परत गराज सेलला नका लावू, रिकॉल झालेली वस्तू विकणं अमेरिकेत बेकायदेशीर आहे, सेकंडहँड असली तरी.

विजेचा_मामा: ताई, रिकॉल बाजूला ठेवा, तुमचं मशीन 120 व्होल्टचं, नाशिकला 230. हीटरला दुप्पट व्होल्टेज दिलं की वॉट चौपटीच्या आसपास जातात, हे तर साधं गणित आहे. ट्रान्सफॉर्मर लावायचा तर एवढ्या वॉटचा तो धोंडा बॅगेत नेणार कोण. आणि वाफ उकळत्या पाण्यापेक्षा वाईट भाजते कारण कातडीवर तिचं पाणी होताना ग्रॅममागे 540 कॅलरी उष्णता तिथेच सोडते. टाइल्सना खायचा सोडा आणि भांड्यांचा लिक्विड साबण लावून दहा मिनिटं ठेवा, निघतं.

धागाकर्ती: धन्यवाद दोघांना! व्होल्टेजचं ऐकून सासूबाई गप्प झाल्या, रिकॉलचं सांगून झाल्या नव्हत्या 😄 फॉर्म भरतेय आता. क्रेडिट घेऊन बिसेलचंच दुसरं काही घेण्यासारखं आहे का, का सरळ 40 घेऊन मोकळं व्हावं?