बांधकामावरच्या मुलांना लोहाच्या गोळ्या वाटाव्यात का?

प्रश्न (मंडळातील एक सभासद, इंदूर):
सुपर कॉरिडॉरजवळच्या एका बांधकामावर झाबुआ-अलीराजपूरहून आलेल्या मजुरांची मुले राहतात. आमच्यापैकी काहीजणी रविवारी तेथे गोष्टी सांगतात, चित्रे काढून घेतात. मुले फिकट दिसतात, चटकन दमतात. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी तर कडेवरचे भावंड खाली ठेवतच नाही, त्यामुळे तिच्या हाती खडू कधी येत नाही. वर्गणीतून लोहाच्या गोळ्या आणि टॉनिक आणावे, असे बहुतेकींचे मत आहे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ):
आधी रक्त तपासावे. त्या पट्ट्यातील आदिवासी समाजांत सिकल सेल हा रक्तातील तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, आणि अशा मुलाचा फिकटपणा लोहाच्या कमतरतेमुळेच असतो असे नाही; वारंवार रक्त चढवलेल्या मुलाच्या अंगात लोह उलट साठलेले असते. सिकल सेलची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते. तिचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये आपल्याच राज्यातील शहडोलहून सुरू झाले. लोह खरोखरच कमी निघाले, तर गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी आणि जेवणाबरोबरचा चहा बंद करावा, कारण चहामुळे लोह अंगी कमी लागते. टॉनिकचा खर्च मात्र टाळावा; पुष्कळ टॉनिकांत साखरच फार असते.

उत्तर (निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका):
डॉक्टरसाहेबांचे म्हणणे योग्यच आहे, पण मुळातली अडचण अशी की ही मुले गावच्या अंगणवाडीच्या नोंदीत असतात आणि येथे कोणाच्याच नसतात. पोषण ट्रॅकर या अंगणवाड्यांच्या सरकारी नोंदणी ॲपवर नाव एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात हलवता येते, त्यासाठी आईला जवळच्या कार्यकर्तीकडे घेऊन जावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर ते तीव्र कुपोषण होय. त्यात सूज असेल किंवा मूल खात नसेल, तर पोषण पुनर्वास केंद्रात दाखल करावे लागते. तेथे राहणाऱ्या आईला बुडालेल्या मजुरीपोटी भत्ता मिळतो, हे तिला आधीच सांगा. एरवी ती ‘हो’ म्हणते आणि येत नाही. शिवाय होळीआधीच्या भगोरिया मेळ्याला ही कुटुंबे गावी जातात आणि पुष्कळदा दुसऱ्याच बांधकामावर परततात, म्हणून तपासणीचा कागद मंडळाच्या फायलीत न ठेवता आईच्याच हाती द्यावा.

उत्तर (शालेय समुपदेशक):
त्या मुलीविषयी कोणी लिहिले नाही. तिला उपदेश नको, रिकामे हात हवेत. रविवारी तुमच्यापैकी एकीने भावंड सांभाळावे. तीन वर्षांचे झाले असेल, तर त्याला अंगणवाडीत बसवता येईल आणि ताईला शाळेत जाता येईल. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही ती झोपेत दचकते, जेवण टाकते असे आई सांगू लागली, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळेल.