स्विच ओलेडला पारदर्शक कव्हर: कडक, लवचीक की काहीच नको?

खेळगडी_गोटू

पारदर्शक कव्हर घेताना बहुतेकजण आधी बघतात ते काचेसारखं स्वच्छ दिसतंय का. हा शेवटचा प्रश्न असायला हवा. मी निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलच्या ओलेड मॉडेलपुरतं बोलतोय, म्हणजे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या ७ इंची स्क्रीनवाल्या. २०१७ च्या साध्या स्विचचं कव्हर याला चालत नाही. जॉयकॉन (दोन्ही बाजूंचे सुटे होणारे कंट्रोलर) धरून साधा स्विच २३९ मि.मी. लांब, ओलेड २४२. शिवाय साध्याचं स्टँड म्हणजे मागच्या एका बाजूला असलेली बारीक पट्टी, तर ओलेडचं जवळजवळ पूर्ण रुंदीचं. ‘सर्व स्विचना बसेल’ असं लिहिलेलं कव्हर दिसलं की खुशाल पुढे जा.

माझं मत असं: ज्याचा स्विच रोज डॉकमध्ये (टीव्हीला जोडणाऱ्या उभ्या खोबणीत) बसतो त्याने तीन तुकड्यांचं पातळ, कडक पॉलिकार्बोनेटचं कव्हर घ्यावं. मधल्या अंगाला एक तुकडा, दोन्ही जॉयकॉनना एकेक. मधल्या तुकड्याची खालची कड उघडी हवी. डॉकमधला टाइप-सी प्लग खालून वर येतो आणि त्याचा आत जाणारा भाग जेमतेम साडेसहा मि.मी. आहे. तिथे कव्हरची दीड मि.मी. कड आली तर तेवढा प्लग बाहेर राहतो. मग कधी नुसतं चार्जिंग होतं, कधी चित्र येतं आणि जातं, आणि माणूस एचडीएमआय केबल बदलत बसतो.

कव्हर मागवण्याआधी एक तपासणी घरीच करा. स्विच बंद करून डॉकमध्ये ठेवा, हलकेच पुढे रेला आणि पाठीच्या बाजूने साध्या कागदाच्या पट्ट्या एकेक करून आत सोडा. स्क्रीनच्या बाजूने नको, चरे पडतील. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो, म्हणजे दहा पट्ट्या गेल्या तर एक मि.मी. जागा. कव्हरची पाठ आणि पुढे वळलेली कड मिळून याच्या आत बसली पाहिजे. वर्णनात जाडी लिहिलेली नसेल तर ते कव्हर डॉकसाठी नाही असंच धरा.

टीपीयूचा_भक्त

गोटूशेठ, कागदाची युक्ती झकास, पण कव्हर लावतात कशासाठी? डॉकमध्ये बसवण्यासाठी की पडल्यावर वाचवण्यासाठी? कडक पॉलिकार्बोनेट चऱ्यांपासून वाचवतं, आपटण्यापासून नाही. ढोबळ हिशोब बघा. ७५ सें.मी. उंच टेबलावरून पडलेली वस्तू १ मि.मी. अंतरात थांबली तर तिला सरासरी गुरुत्वाच्या ७५० पट झटका बसतो. थांबायला २ मि.मी. मिळाले तर ३७५ पट. टीपीयू म्हणजे रबरासारखं लवचीक प्लॅस्टिक, त्याचं कोपऱ्यावर जाड असलेलं कव्हर हेच जास्तीचं अंतर देतं. कडक कव्हर दबतच नाही, त्यामुळे धक्का तसाच्या तसा आत जातो, वर स्वतःही कोपऱ्यात तडकतं.

आणि ओलेडची पुढची बाजू काचेची आहे, साध्या स्विचसारखी प्लॅस्टिकची नाही. तिच्यावर कारखान्यातूनच एक पातळ फिल्म येते, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. स्क्रीनगार्डचा जुना कागद समजून ती सोलू नका, निन्टेन्डोही तसंच बजावतं. पालथा पडला तर या काचेला वाचवते ती स्क्रीनपेक्षा मिलिमीटरभर वर आलेली कव्हरची कड. पातळ कडक कव्हरांना ती कड नसतेच, कारण कड आली की डॉकमध्ये घुसत नाही!

खेळगडी_गोटू

बरोबर, पण टीपीयूचं कव्हर बहुधा एकसंध असतं. जॉयकॉन वर सरकवून काढायचे तर आधी अख्खं कव्हर उतरवा. डॉकमध्ये ठेवायचं, पुन्हा उतरवा. आठवड्याभरात ते कव्हर टेबलावर पडून असतं आणि स्विच उघडा. जे अंगावर नाही ते वाचवणार काय?

आणि तुमच्या ३७५ पटीत एक गोम आहे. २ मि.मी.चा टीपीयू पूर्ण २ मि.मी. दबत नाही, अर्धा दबला तरी खूप. कोपऱ्यात हवेची पोकळी ठेवलेली कव्हरं यात सरस ठरतात, सपाट टीपीयू नाही.

रेणूसूत्र

दोघांच्याही बोलण्यात साहित्याचा मुद्दा अर्धवट राहतोय.

पिवळेपणा: बाजारातला स्वस्त पारदर्शक टीपीयू बहुतेक अ‍ॅरोमॅटिक (रेणूंच्या साखळीत रिंगा असलेल्या) जातीचा असतो. ऊन आणि हवा लागली की त्याच्या साखळीतल्या रिंगांपासून रंगीत रेणू तयार होतात. हा बदल पदार्थाच्या आतला आहे, वरचा मळ नव्हे. म्हणून खाण्याचा सोडा, टूथपेस्ट वगैरे घासून फक्त हाताचं तेल आणि जीन्सचा निळा डाग निघतो, पिवळं ते पिवळंच राहतं. अशा रिंगा नसलेला अ‍ॅलिफॅटिक टीपीयू कितीतरी उशिरा पिवळा पडतो, पण महाग असल्याने स्वस्त कव्हरात सहसा नसतो. काही कंपन्या जरा निळसर छटा घालतात, त्याने पहिले काही महिने पिवळा लपतो एवढंच. पॉलिकार्बोनेटही पिवळं पडतं, पण घरातल्या वापरात बरंच सावकाश.

पॉलिकार्बोनेटचा खरा शत्रू वेगळा: ताण आणि रसायन एकत्र येणं. खटकन बसणारं कव्हर लावल्या क्षणापासून आपल्या कोपऱ्यांवर कायम ओढ घेऊन बसलेलं असतं. त्यावर नेलपॉलिश काढायचं द्रावण किंवा थिनर लागला की काही मिनिटांत कोपऱ्यात पांढऱ्या केसांसारख्या रेषा दिसतात. त्या दिसल्या की कव्हर गेलं. पुढच्या वेळी काढताना तिथेच तुटेल आणि तुटलेली धारदार कड स्विचच्या अंगावर ओरखडा काढेल. पुसायला ओला फडका आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पुरतो.

तिसरी जात कोणी बोलत नाही: मऊ पीव्हीसी. ‘सिलिकॉन’ म्हणून विकतात. उघडल्यावर रेनकोटसारखा वास आणि काही आठवड्यांनी चिकट, तेलकट स्पर्श. त्यातला मऊपणा आणणारा द्रव बाहेर येत असतो. जॉयकॉनच्या लेपाला हे लावून महिनोन्‌महिने ठेवू नये. तो लेप नाजूक आहे. २०१७ साली स्विच आला तेव्हा चिकटणाऱ्या स्किन बनवणाऱ्या एका नामवंत कंपनीने स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांची स्किन सोलताना जॉयकॉनचा लेपही निघतो, आणि ऑर्डरी रद्द केल्या. पारदर्शक कव्हर स्किनपेक्षा बरं ते यासाठी.

टीपीयूचा_भक्त

पिवळं पडलं तर पडलं. कव्हर म्हणजे गाडीच्या ब्रेक पॅडसारखं, झिजायलाच घेतलेलं.

उघडाबोडका

मला या सगळ्याच उठाठेवीचं नवल वाटतं. अंगावर चढवलेलं कोणतंही पारदर्शक कव्हर स्विचचा सर्वांत नाजूक भाग झाकतच नाही: अंगठ्याने फिरवायच्या दोन अ‍ॅनालॉग स्टिक. बॅगेत पाण्याची बाटली आणि डब्याच्या मध्ये स्विच दाबला जातो तेव्हा भार थेट त्यांच्या दांड्यावर येतो. तिथे हवा कडक पाठीचा चेनवाला पाऊच, आत स्टिकसाठी खोलगट जागा असलेला. त्यात कव्हर घातलेला स्विच कोंबला तर झाकण स्टिकवर टेकतं आणि प्रवासभर त्या दाबलेल्या राहतात. म्हणजे कव्हरच नुकसान करतं.

दुसरं, चरे. कडक कव्हर आणि स्विचची पाठ यांच्यात एक वाळूचा कण शिरला की तो बाहेर पडत नाही. खेळताना हात दाबतो, सोडतो, दाबतो, आणि कण पाठीवर गोल गोल फिरतो. पॉलिश पेपर अडकवून ठेवल्यासारखंच ते. कव्हर काढल्यावर पाठीवर जे धुरकट ठिपके दिसतात ते यामुळे.

रेणूसूत्र

कणाचं म्हणणं मान्य. म्हणून आतल्या बाजूला बारीक ठिपक्यांचा पोत असलेलं कव्हर बघा. ते ठिपके मुळात असतात ते पाण्याचा डाग पडल्यासारखे दिसणारे इंद्रधनुषी पट्टे टाळण्यासाठी. गुळगुळीत टीपीयू गुळगुळीत पाठीला चिकटला की ते उमटतात. ठिपक्यांमुळे मध्ये फट राहते, त्यामुळे कणही जरा सुटा राहतो. पारदर्शकपणा किंचित धूसर होतो, पण तेवढं चालवून घ्यावं.

वऱ्हाडी_उन्हाळा

उष्णतेचं कोणीच बोललं नाही. निन्टेन्डोच्या सूचनेत स्विच वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय. आमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं. कूलर लावूनही खोली कित्येकदा पस्तिशीच्या वर. टीपीयूत तर तो उकडून निघेल ना?

खेळगडी_गोटू

हाच तर मुद्दा! रबरी कव्हर गरमी अडकवतं.

रेणूसूत्र

गोटू, इथे तुम्ही चुकताय. टीपीयू आणि पॉलिकार्बोनेट दोन्हींतून उष्णता जवळजवळ सारखीच वाहते, मीटर-केल्विनला ०.२ वॉटच्या आसपास. फरक पडतो तो जाडीने, मऊ-कडकपणाने नव्हे. आणि स्विच गार होतो तो मुख्यतः आतल्या पंख्याने: हवा पाठीमागून आत, वरच्या कडेच्या जाळीतून बाहेर. म्हणून बघायचं ते वरची जाळी टोकापासून टोकापर्यंत उघडी आहे का. बऱ्याच कव्हरांत मजबुतीसाठी जाळीवरून एकदोन आडवे पूल ठेवतात. बारीक असतील तर ठीक, अर्धी जाळी झाकत असतील तर कव्हर परत करा. टिश्यूची पट्टी जाळीसमोर धरून बघा. डॉकमध्ये अर्धा तास खेळल्यावर ती कव्हरशिवाय आणि कव्हरसह सारखीच फडफडली पाहिजे.

डॉकमध्ये चिप जास्त वेगाने चालते, त्यामुळे तिथे उष्णताही जास्त. वऱ्हाडात मे-जूनमध्ये डॉकमध्ये ठेवताना मधला तुकडा काढून ठेवावा, मग कव्हर कोणतंही असो.

वऱ्हाडी_उन्हाळा

समजलं. पण मग भक्तांच्या बाजूने एक गोष्ट: निन्टेन्डोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे अधिकृत दुरुस्तीही नाही. काच फुटली तर दिल्लीच्या नेहरू प्लेससारख्या बाजारातला कारागीर शोधा. असं असताना आपटण्यापासूनचा बचाव डॉकच्या सोयीपेक्षा वर नको का?

जोशीबुवा_लाइट

स्विच लाइटसाठी काय घ्यावं?

टीपीयूचा_भक्त

लाइट डॉकमध्ये जात नाही, जॉयकॉन सुटत नाहीत. म्हणजे गोटूंचे दोन्ही आक्षेप गळाले. डोळे झाकून टीपीयू.

खेळगडी_गोटू

लाइटपुरतं मान्य. (लाइटची स्क्रीन प्लॅस्टिकची आहे, स्क्रीनगार्ड लावाच. मात्र काठापर्यंत जाणारा गार्ड नको, कव्हरची कड त्याला खालून उचलते आणि कोपऱ्यातून बुडबुडे आत शिरतात.)

ओलेडबद्दल मी मागे हटत नाही. पण कडक कव्हर घेणाऱ्यांनी जॉयकॉनचे तुकडे नीट तपासावेत, तिथेच सगळ्यांत जास्त गफलत असते. जॉयकॉन ज्या रुळावर सरकून बसतो त्या रुळाकडची कड जाड असेल तर जॉयकॉन शेवटपर्यंत खाली सरकत नाही, ‘टक्’ आवाज येत नाही. तो लागल्यासारखा दिसतो, पण रुळाच्या तळाशी जोडणी धड होत नाही. उजव्या जॉयकॉनच्या तळाशी इन्फ्रारेड कॅमेऱ्याची काळी खिडकी आहे, ती उघडी हवी. मागचं छोटं गोल सोडबटण नखाने नाही, बोटाच्या पेराने दाबता आलं पाहिजे. आणि झेडएल-झेडआर (मागच्या बाजूची तर्जनीने दाबायची दोन बटणं) पूर्ण दाबून बघा, कव्हरच्या कडेला टेकले तर शेवटचा दाब लागतच नाही.

उघडाबोडका

एवढं तपासायचं, त्यापेक्षा पाऊच.

टीपीयूचा_भक्त

पाऊच हातातून पडताना कुठे असतो हो?

रेणूसूत्र

कडक कव्हर काढायची पद्धत लिहून ठेवतो, कारण बहुतेक तुकडे तिथेच तुटतात. आधी दोन्ही जॉयकॉन सरकवून बाजूला काढा. मागचं स्टँड बंद असू द्या. काही कव्हरं स्टँडच्या कडेला अडकतात, उघडं ठेवून ओढलं तर बिजागरीवर ताण येतो. मेमरी कार्डही त्याच स्टँडखाली आहे, तेव्हा कव्हर न काढता स्टँड पूर्ण उघडतं का हे घेतानाच बघा. मग वरच्या कडेचा एक कोपरा अंगठ्याने बाहेर ढकला, मधून ओढू नका. मधून ओढलं की दोन्ही कोपरे एकाच वेळी वाकतात आणि त्यातला आधीच ताणलेला तुटतो. एक कोपरा सुटला की कडेने पुढे सरका. महिन्यातून एकदा असं काढून आतून फुंकणी मारायची, मायक्रोफायबरने पाठ पुसायची आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच परत लावायचं. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात हे पंधरा दिवसांनी करा, ओल आणि धूळ मिळून कडेला राखाडी चिखल साचतो.

जोशीबुवा_लाइट

आणि हेच कव्हर स्विच २ ला?

खेळगडी_गोटू

नाही. जून २०२५ चा स्विच २ हा २७२ मि.मी. लांब, ७.९ इंची, आणि जॉयकॉन रुळावर सरकत नाहीत, चुंबकाने चिकटतात. तिथे जोडाच्या फटीत कव्हरचा पापुद्राही आला तर पकड ढिली पडते. त्याचा धागा वेगळा काढू, इथे भक्तांशी अजून भांडायचंय.