मदत हवी आहे: गुडघा बरा होतो, परत दुखतो. इंजेक्शन घेऊ का?

उंचउडी
दोन महिने झाले, उजवा गुडघा दुखतोय. गोळ्या झाल्या, बर्फ झाला, तीन आठवडे घरी बसून झालं. बसलो की बरं वाटतं, पहिल्याच सरावाला पुन्हा तेच. एमआरआयच्या रिपोर्टवर 'पटेलर टेंडिनोसिस' लिहिलंय. महिन्यावर स्पर्धा आहे. स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ का, एवढंच सांगा. लवकर प्लीज.

पायपीट
खेळ कुठला? वय? दुखतं नेमकं कुठे, वाटीच्या वर, खाली की बाजूला? एवढं तरी लिहायला हवं होतं.

रोजचे_दहा_किमी
आयटी बँड असणार, म्हणजे मांडीच्या बाहेरच्या बाजूची पट्टी. मला अगदी असंच होतं. फोम रोलर फिरवा, आठवड्यात मोकळे व्हाल.

शांतिदूत
वंगण कमी झालं असेल. माझ्या आईला जेलचं इंजेक्शन दिलं होतं, बराच फरक पडला. चालायचं कमी करा.

उंचउडी
व्हॉलीबॉल. वय 24. वंगणाचा काही संबंध नाही हो. बाहेरच्या बाजूलाही नाही दुखत. वाटीच्या खालच्या टोकाला, एका बोटाने दाखवता येईल एवढ्याच जागी दुखतं. सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की कमी होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कळ येते.

कंडरा
फिजिओथेरपिस्ट आहे, हे रोज बघते. एका बोटाची जागा, तापल्यावर कमी, दुसऱ्या दिवशी जास्त, हे वर्णन वाटीच्या खालच्या टेंडनचंच आहे (टेंडन म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी). याला 'जंपर्स नी' म्हणतात, रिपोर्टवरचं नाव त्याचंच. वाटीमागचं दुखणं असं एका जागी दाखवता येत नाही, ते पसरट असतं आणि बराच वेळ बसून उठताना जास्त जाणवतं.
आता मला हवी ती माहिती: दोन महिन्यांपूर्वी सरावात काय बदललं?

उंचउडी
काही नाही. नेहमीचाच सराव. इंजेक्शनचं सांगा ना.

उंचउडी
म्हणजे आठवड्यात तीन दिवसांचे सहा दिवस झाले, स्पर्धा आहे म्हणून. आणि सरावाच्या शेवटी उड्यांचे स्क्वॉट, म्हणजे खाली बसून उडी मारत उठणं, वाढवले.

कंडरा
मग कारण तेच. टेंडनला जुळवून घ्यायला स्नायूपेक्षा खूप जास्त वेळ लागतो आणि तुम्ही भार एकदम दुप्पट केलात. आत कोलॅजन या प्रथिनाच्या तंतूंची रचना विस्कटते. सूज हे यातलं मुख्य दुखणं नसतं, म्हणून गोळ्या आणि बर्फ फार काही करत नाहीत. स्टेरॉइडने काही आठवडे बरं वाटेल, पण पुढे जाऊन निकाल वाईट लागतो. त्या उसन्या आरामात उड्या मारणं तर मला फार धोक्याचं वाटतं.

जुना_खेळाडू
सहमत नाही. दुखतंय तर शरीर थांब म्हणतंय. मी सहा महिने पूर्ण थांबलो होतो आणि बरा झालो.

कंडरा
थांबल्यावर परत उड्या मारल्यात का?

जुना_खेळाडू
नाही, खेळ सोडला. पण मुद्दा तो नाही.

पायपीट
मुद्दा तोच आहे! यांना खेळायचंय. ते तीन आठवडे बसले तरी दुखणं परत आलंच ना? भार नसला की टेंडन आणखी कमकुवत होतो.

दोन_मुलांची_आई
मध्येच विचारते, माफ करा. माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. वाटीच्या खाली नडगीच्या हाडावर टेंगूळ आलंय, दाबलं की दुखतं. हेच आहे का?

कंडरा
बहुतेक ऑसगुड-श्लाटर, वाढीच्या वयातलं. तिथे हाड अजून वाढत असतं आणि टेंडन त्याला ओढतो. खेळ थोडा कमी करा, बंद नको. रात्री दुखून जाग येत असेल किंवा ताप असेल तर मात्र लगेच डॉक्टर.

उंचउडी, तुमच्यासाठी. आधी उड्या कमी करा. लेग एक्स्टेंशनच्या मशीनवर (बसून नडगीने वजन वर उचलायचं ते) गुडघा साधारण 60 अंशांत धरून 45 सेकंद स्थिर, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं थांबून. सगळ्यांना लगेच उतार पडतो असं नाही, पण सुरुवात इथून बरी. मग जड वजन, सावकाश: स्क्वॉट, लेग प्रेस, तीन सेकंद खाली, तीन सेकंद वर, आठवड्यात तीनदा. जेमतेम 15 वेळा उचलता येईल अशा वजनापासून सुरू करून 12 आठवड्यांत सहाच वेळा जमेल अशा वजनापर्यंत. उड्यांचा सराव त्यानंतर वाढवायचा. व्यायाम करताना दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालतं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी: तेव्हा दुखणं वाढलेलं नसावं.

रोजचे_दहा_किमी
पट्टा बांधला तर? मी बांधतो.

कंडरा
खेळताना थोडा आराम मिळतो काहींना. व्यायाम टळत नाही.

उंचउडी
12 आठवडे?? स्पर्धा महिन्यावर आहे.

कंडरा
खरं तर तीन ते सहा महिने धरून चाला. ही स्पर्धा खेळायचीच असेल तर सराव तीन दिवसांवर आणा, उड्यांचे स्क्वॉट पूर्ण बंद, आणि सकाळचं दुखणं वाढलं तर माघार. हे कोचना स्पष्ट सांगा, आणि एकदा प्रत्यक्ष कुणाकडून तपासून घ्या.

उंचउडी
कोचशी बोललो, तीन दिवस मान्य केले त्यांनी. मशीनवर पाच वेळा धरलं. आधी दुखणं सहा होतं, नंतर चार. इंजेक्शनची वेळ रद्द केली आहे. सकाळी जिन्यावर काय होतं ते लिहितो.